जर्मन घराण्याचा माग कसा काढायचा: माळ्यावरच्या पेटीपासून मूळ गावापर्यंत

अमेरिकेत जर्मन वंशाच्या घरात लग्न करून गेलेली मराठी मुलं-मुली आता जागोजागी भेटतात. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुइस, टेक्सासमधलं न्यू ब्राउनफेल्स, कुठंही. १८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ५० लाखांहून जास्त जर्मन माणसं अमेरिकेत उतरली. त्यातली १४ लाखांहून अधिक तर एकट्या १८८० च्या दशकात आली. त्यामुळे सासरच्या माळ्यावर किंवा तळघरात एखादी जुनी पेटी सापडण्याची शक्यता बरीच असते. नावं न लिहिलेले फोटो, वाचता न येणारं जाडजूड पुस्तक, लाल दोऱ्यानं अक्षरं भरलेले टॉवेल, धातूच्या झाकणाचा मग. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ओल्ड कंट्रीतून आलंय."

माझं सासर विस्कॉन्सिनचं, मूळचं पोमेरेनियाचं. हा प्रांत तेव्हा प्रशियात होता, आज त्याचा बराचसा भाग पोलंडमध्ये आहे. माझ्या मुलांना साताऱ्याकडचं गाव, वाडा, कुलदैवत सगळं माहीत होतं आणि वडिलांच्या बाजूबद्दल "जर्मनी" या पलीकडे काही सांगता येत नव्हतं. ते मला मनापासून खटकायचं, म्हणून मी या कामाला लागले. या वाटेवर काय आधी करायचं, काय नंतर आणि माणसं कुठं अडकतात, ते इथं क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. जर्मनीत सगळ्या देशाची मिळून एकच अशी जुनी जन्म-मृत्यू नोंदवही नाही. १८७१ पूर्वी एकसंध जर्मनीच नव्हती. प्रशिया, बव्हेरिया, वुर्टेम्बर्ग, मेक्लेनबुर्ग अशी वेगवेगळी राज्यं होती. नोंदी व्हायच्या त्या गावच्या चर्चमध्ये, नंतर गावच्या नोंदणी कार्यालयात. म्हणून तुम्ही शोधताय ते मूळ गाव. त्याचं नाव हाती येईपर्यंत जर्मन दफ्तरांकडे वळून उपयोग नाही. आणि ते नाव बहुतेक वेळा अमेरिकेतच, घरात किंवा घराजवळच्या चर्चमध्ये सापडतं.

काय काय लागेल

- फ्लॅटबेड स्कॅनर. नसेल तर चांगला फोन आणि खिडकीजवळचा उजेड
- नायट्राइलचे हातमोजे, भिंग, मऊ शिशाची पेन्सिल, छोटं लोहचुंबक
- आम्लरहित कागदाची पाकिटं आणि खोका
- एक वही, जिच्यात प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळेल
- घरातले कागद: लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले, नागरिकत्वाचे कागद, चर्चची प्रमाणपत्रं, मृत्युलेखांची कात्रणं, बायबल, पत्रं (पाकिटांसकट)

१. काहीही हलवण्याआधी, आहे तसं टिपून घ्या

पेटी उघडली की हात शिवशिवतात, पण थांबा. कोणता फोटो कुठल्या पुस्तकात होता, कोणती पत्रं एकाच फितीत बांधलेली होती, अल्बममध्ये कुणाशेजारी कोण होतं, हा क्रम स्वतःच पुरावा असतो. आधी सगळ्याचे फोनवर फोटो काढा, मग क्रमांक द्या, मग स्कॅन करा. स्कॅन निदान ६०० डीपीआयवर आणि दोन्ही बाजूंचं. मागची बाजू कोरी दिसली तरी करा, कारण पुसट झालेली पेन्सिल स्कॅनमध्ये कधी कधी उठून दिसते.

काय करू नये ते ठणकावून सांगते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. मागे बॉलपेननं लिहू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. छोट्या डबीत बसवलेला आरशासारखा चकाकणारा फोटो दिसला तर तो डॅगेरोटाइप; त्याची काच उघडू नका आणि पृष्ठभागाला बोटही लावू नका. तिथं एकदा पुसलं की चेहरा कायमचा जातो.

२. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, फोटो समोर ठेवून

"तुमचे पूर्वज कुठले?" असं विचारलं तर "जर्मनी" एवढंच उत्तर येईल. सासूबाईंसमोर एक फोटो ठेवा आणि विचारा: हा कुणाच्या घरात लावलेला असायचा? या बाईंना घरात काय म्हणायचे? ख्रिसमसला पत्र कुणाकडून यायचं? चर्च कोणतं, दफनभूमी कोणती? माझ्या सासूबाईंना एका फोटोतली बाई ओळखता आली नाही, पण तिच्या मागचं कपाट ओळखलं. ते त्यांच्या आत्याच्या घरात होतं. तिथून त्या फोटोला घर मिळालं आणि मग नावही. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून. हे काम पुढे ढकलू नका. चेहरे ओळखणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत कमी होते आहे.

घराण्यातल्या कथा जशाच्या तशा लिहून घ्या, पण त्यांना पुरावा समजू नका. सर्वांत जास्त ऐकू येणारी कथा म्हणजे "एलिस आयलंडवर अधिकाऱ्यानं आमचं आडनाव बदललं." एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, १८९२ च्या १ जानेवारीला सुरू झालं. त्याआधी, १८५५ ते १८९० पर्यंत, न्यूयॉर्कला येणारे कॅसल गार्डनमध्ये उतरत. आणि प्रवाशांच्या याद्या जहाज कंपन्यांकडून, निघतानाच्या बंदरातच तयार होत. इथले अधिकारी त्या यादीवर हजेरी घेत. श्मिटचं स्मिथ, म्युलरचं मिलर, त्सिमरमानचं कार्पेंटर झालं ते नंतर, शाळेत, कारखान्यात, बँकेत, आणि बऱ्याच घरांत १९१७-१८ मध्ये.

त्या दोन वर्षांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पेटीतल्या रिकाम्या जागांचं उत्तर अनेकदा तिथं असतं. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि इथल्या जर्मन घरांवर संशय आला. आयोवाच्या गव्हर्नरनं मे १९१८ मध्ये शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक जागी, एवढंच काय टेलिफोनवरही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला मनाई केली. गावोगावी रस्त्यांची जर्मन नावं बदलली. अशा दिवसांत घरांनी पत्रं जाळली, पाट्या बदलल्या, "आम्ही डच" किंवा "आम्ही स्विस" असं सांगायला सुरुवात केली. तुमच्या सासरी असं काही सांगत असतील तर ते खोटं बोलत होते असं मनात आणू नका. ती माणसं घाबरलेली होती. आणि हा विषय काढताना जरा जपून काढा.

३. फोटोचं वय ठरवा

आधी तो कशावर आहे ते बघा, चेहऱ्याकडे नंतर.

आरशासारखी चांदीची तकतक म्हणजे डॅगेरोटाइप, साधारण १८४० आणि ५० ची दशकं. काचेवरचा फोटो म्हणजे अँब्रोटाइप, १८५० च्या मध्यापासून ६० च्या दशकापर्यंत. पातळ लोखंडी पत्र्यावरचा असेल तर टिनटाइप. याचं पेटंट १८५६ चं आणि जत्रेतले फोटोवाले तो पुढे कितीतरी वर्षं काढत राहिले. चुंबक इथं कामाला येतं, पण ते थेट लावू नका, मध्ये कागद धरा.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी फोटो सर्वांत जास्त सापडतो. अडीच बाय चार इंचाचा छोटा पुठ्ठा म्हणजे कार्त द व्हिझीत. १८६० च्या दशकात त्याची लाट होती. सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा मोठा म्हणजे कॅबिनेट कार्ड. हा १८६६ नंतर आला आणि शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. अमेरिकेत काढलेल्या फोटोच्या मागे जर सरकारी महसुलाचं तिकीट चिकटवलेलं असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे, कारण हा कर फक्त १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात होता. फोटोचंच पोस्टकार्ड केलेलं असेल तर मागची बाजू बघा. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर जर्मन कार्ड १९०५ नंतरचं, अमेरिकन १९०७ नंतरचं.

आता पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा मागे असलेला छायाचित्रकाराचा छाप. यात नाव, रस्ता, गाव, कधी प्रदर्शनात मिळालेल्या पदकांची चित्रं असतात. अमेरिकन शहरांच्या जुन्या डिरेक्टऱ्या बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन आहेत. त्यात हा फोटोवाला त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता ते बघितलं की काळ दोन-चार वर्षांवर येतो.

छाप जर्मनीतला असेल तर इथं बरेच जण घसरतात. फोटोवर श्टेटिन लिहिलंय म्हणजे घराणं श्टेटिनचं, असं नाही. खेड्यात स्टुडिओ नसे. माणसं बाजाराच्या गावी किंवा छावणीच्या गावी जाऊन फोटो काढून घेत, आणि एकाच फोटोवाल्याच्या दोन-तीन गावांत शाखाही असत. आमच्या पेटीतल्या एका कॅबिनेट कार्डवर श्टेटिनचा छाप होता, पण त्याच कुटुंबातल्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या फोटोंवर ग्राइफेनबर्ग या लहान गावाचा. मी नकाशावर दोन्ही गावांवर बोट ठेवलं आणि लहान गावाकडे वळले. मोठ्या शहराचा छाप फारसं काही सांगत नाही. लहान गावाचा छाप पुन्हा पुन्हा आला तर तुमचं खेडं त्याच्या आसपास, बैलगाडीच्या टप्प्यात आहे असं धरून चाला.

दुसरा सापळा: जर्मनीत काढलेला फोटो अमेरिकेत आलेल्याच माणसाचा असेल असं नाही. बहीण तिकडे राहिली, तिची मुलं मोठी झाली, तिनं फोटो पाठवले. म्हणून फोटोचा काळ घराणं अमेरिकेत आल्यानंतरचा निघाला तर तो मागे राहिलेल्या नातेवाइकांचा समजा, आणि खूश व्हा. पत्रव्यवहार चालू होता याचा तो पुरावा आहे.

फोटोत काय दिसतं याबद्दल काही गोष्टी. काळ्या पोशाखातली तरुणी, डोक्यावर पानांचा छोटा मुकुट आणि पांढरा बुरखा: ही शोकातली बाई नाही, नवरी आहे. १९ व्या शतकात, आणि खेड्यांत त्यानंतरही, जर्मन नवऱ्या काळ्या रेशमी किंवा लोकरी कपड्यात लग्न करत. मुकुट मर्टलच्या पानांचा. चौकटीत काचेमागे जपलेला रुपेरी किंवा सोनेरी पानांचा मुकुट सापडला तर तो लग्नाच्या पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या वाढदिवसाचा. त्यावर वर्ष असेल तर त्यातून २५ किंवा ५० वजा करा, लग्नाचं वर्ष मिळेल. झग्यातलं लहान मूल मुलगीच असेल असं धरू नका, मुलग्यांनाही पाच-सहा वर्षांपर्यंत झगे घालत. साधारण १४ वर्षांचा मुलगा, काळा सूट, छातीवर फुलांचा छोटा गुच्छ, हातात प्रार्थनागीतांचं पुस्तक, तर तो त्याच्या कन्फर्मेशनचा, म्हणजे चर्चचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीचा, फोटो आहे. फोटोचं वर्ष कळलं की जन्मवर्ष जवळपास कळलं.

४. वस्तू वाचा

माझ्या मते पेटीतल्या वस्तूंकडे लोक फार कमी लक्ष देतात. फोटो स्कॅन होतात, वस्तू कपाटात शोभेला जातात. खरं तर गावाचा सुगावा अनेकदा त्यांच्यातच असतो.

बायबल. कुटुंबाची नोंद करायची पानं असतील तर आधी मुखपृष्ठामागचं छपाईचं वर्ष बघा. पुस्तक १८७८ चं आणि पहिली नोंद १८४२ च्या जन्माची असेल, सगळं एकाच शाईत आणि एकाच हातात असेल, तर ते आठवून लिहिलंय. तारखा एखाद्या वर्षानं इकडेतिकडे असू शकतात.

प्रार्थनागीतांचं पुस्तक, म्हणजे गेझांगबुख. हे माझं सर्वांत आवडतं. आमच्याकडचं तळहाताएवढं आहे, काळं चामडं, पितळी कडी, कव्हरवर सोनेरी अक्षरांत मालकिणीची आद्याक्षरं आणि खाली वर्ष. ही पुस्तकं मुलांना कन्फर्मेशनला मिळत, म्हणून त्या वर्षातून १४ वजा केले की जन्माचा अंदाज आला. पण त्याहून मोठी गोष्ट आतल्या शीर्षकपानावर असते. जर्मनीत प्रत्येक प्रांताचं, कधी कधी एकेका शहराचं गीतपुस्तक वेगळं होतं आणि ते कोणत्या भागासाठी आहे हे तिथं छापलेलं असतं. जनगणनेत नुसतं "प्रशिया" लिहिलेल्या घराण्याचा प्रांत अशा पानावरून निश्चित होतो. पुस्तक सेंट लुइस किंवा मिलवॉकीत छापलेलं असेल तर ते इथं आल्यावर घेतलं. तरीही कुठल्या पंथाचं चर्च शोधायचं ते कळतंच.

टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे. लाल दोऱ्यानं फुलीच्या टाक्यात दोन अक्षरं आणि एखादा आकडा भरलेला असतो. मुलीच्या लग्नासाठी घरात हे कापड तयार होई आणि त्यावर तिच्या माहेरच्या आडनावाचं अक्षर येई. आकडा म्हणजे त्या संचातला कितवा नग. म्हणून टॉवेलवरची अक्षरं सासरच्या आडनावाशी जुळत नसतील तर "कुणाचे तरी आले असतील" म्हणून बाजूला टाकू नका. आमच्या घरातल्या एका पणजीचं माहेर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा क्रमांकाच्या टॉवेलवरच्या दुसऱ्या अक्षरानं चर्चच्या नोंदीतल्या दोन सारख्या नावांपैकी खरी कोणती ते ठरलं.

झाकणाचा मग. त्यावर सैनिकांची चित्रं, नाव, रेजिमेंट आणि नोकरीची वर्षं असतील तर तो राखीव दलात जाताना घेतलेला आठवणीचा मग, बहुतेक १८९० ते १९१४ च्या दरम्यानचा. प्रशियन सैन्याची दफ्तरं बहुतांशी एप्रिल १९४५ मध्ये पोट्सडामच्या बॉम्बहल्ल्यात जळाली, म्हणून एखाद्या शिपायाच्या नोकरीचा एवढाच पुरावा उरलेला असू शकतो. मात्र युद्धानंतर अशा मगांच्या नकला पुष्कळ झाल्या, तेव्हा नाव घराण्यातलं आहे का ते आधी ताडून बघा. बव्हेरियाची सैनिकी दफ्तरं म्युनिकमध्ये टिकून आहेत.

चिनीमातीची भांडी आणि चांदी. इथं मन घट्ट करा. बशीच्या तळाशी "जर्मनी" असं इंग्रजीत छापलेलं असेल तर ती १८९१ च्या सुमारास किंवा नंतर अमेरिकेत विकायला आलेली आहे, कारण आयात मालावर देशाचं नाव छापणं तेव्हापासून सक्तीचं झालं. १८८२ मध्ये आलेल्या पणजोबांनी ती सोबत आणली हे मग शक्य नाही. चमच्यावर चंद्रकोर, मुकुट आणि ८०० हा आकडा असेल तर तो १८८८ नंतरचा. त्याआधीच्या चांदीवर बहुधा १२ किंवा १३ असा आकडा दिसतो. ते शुद्धतेचं जुनं माप.

पत्रांची पाकिटं कधीही टाकू नका. पोस्टाचा शिक्का सर्वांत जवळच्या पोस्ट ऑफिसचा असतो. कारागिराची वही, जिला वांडरबुख म्हणतात, ती सापडली तर पानापानावर गावांचे शिक्के मिळतील, कारण उमेदवारी संपलेले सुतार, शिंपी, लोहार गावोगाव काम करत फिरत आणि पहिल्या पानावर जन्मगाव लिहिलेलं असे. कन्फर्मेशनचं आणि बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असेल तर चौकट सांभाळून उघडा. मागे दुसरा कागद दडलेला असू शकतो.

५. लिपीला घाबरू नका

छापील पुस्तकांची कोनाकोनाची अक्षरं म्हणजे फ्राक्तूर. ती आठवडाभरात वाचता येतात. हस्ताक्षराची लिपी कुर्रेंट, ती जास्त चिवट. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच तिथं या लिपीचं: आजोबांची पत्रं नातवाला वाचता येत नाहीत, भाषा तीच असली तरी. शाळेत शिकवायला १९११ मध्ये तिचं सुटसुटीत रूप तयार झालं, ते ज्युटरलिन. १९४१ मध्ये सरकारी हुकमानं ते बंद झालं. म्हणून आज जर्मन येणारा माणूसही ही पत्रं वाचेलच असं नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली तुमची मैत्रीण अर्थ लावून देईल, पण आधी अक्षरं उलगडून द्यावी लागतील.

सुरुवातीला एवढं पुरेसं आहे: रोमन "ई" हे अक्षर "एन"सारखं दिसतं; "यू"वर छोटी वक्र रेघ असते म्हणून तो ओळखू येतो; "एच"ला वर-खाली दोन फासे असतात. माहीत असलेलं नाव आधी शोधा आणि त्यातल्या अक्षरांवरून बाकीची ओळखा. ट्रान्सक्रिबस हे सॉफ्टवेअर हस्ताक्षर वाचून देतं, स्पष्ट लिहिलेलं असेल तर चांगलंच. नावं आणि गावं मात्र स्वतः तपासा.

नोंदींमध्ये हमखास चकवणाऱ्या गोष्टी:

- चांदणी म्हणजे जन्म, क्रूस म्हणजे मृत्यू. "गेब." या संक्षेपानंतर बाईचं माहेरचं आडनाव येतं.
- ७ आकड्याला "बर" जोडून लिहिलेला महिना जुलै नाही, सप्टेंबर आहे. तसंच ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर.
- तारीख आपल्यासारखी: दिवस, महिना, वर्ष. अमेरिकन नातेवाइकांनी केलेल्या यादीत ती उलटी झालेली असू शकते.
- योहान हाइनरिश, योहान फ्रीडरिश, योहान कार्ल हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात. हाक मारायचं नाव बहुधा दुसरं असे आणि अमेरिकेत तेवढंच उरलं. इथला हेन्री तिथं योहानच्या खाली सापडेल.
- मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत. पहिली नोंद मिळाली की पुढेही बघा.

६. अमेरिकेतले कागद, या क्रमानं

पहिलं चर्च. सरकारी मृत्यूच्या दाखल्यावर "जर्मनी" एवढंच असतं. पण जर्मन लुथरन किंवा कॅथलिक पाद्र्यानं दफनाच्या नोंदीत अनेकदा जन्मगाव लिहिलंय. चर्च बंद पडलं असेल तर त्याची दफ्तरं पंथाच्या संग्रहात जातात. मिसूरी सिनॉडची (ही जर्मन लुथरन चर्चची एक संघटना) सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करा. विस्कॉन्सिनवाल्यांना मॅडिसनची विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी आहेच.

दुसरं, जर्मन भाषेतली वर्तमानपत्रं. इंग्रजी पेपरात दोन ओळींचा मृत्युलेख असेल तिथं जर्मन पेपरात जन्मगाव, जहाजाचं वर्ष, मागे राहिलेली भावंडं अशी सविस्तर हकिकत येई. काँग्रेस लायब्ररीच्या क्रॉनिकलिंग अमेरिका संग्रहात अशी बरीच वर्तमानपत्रं फुकट आहेत.

मग जनगणना. १९०० पासून १९३० पर्यंतच्या चारही जनगणनांत अमेरिकेत आल्याचं वर्ष आहे; ते दोन-तीन वर्षांनी मागेपुढे धरा. १९२० ची जरूर बघा, कारण सीमा बदललेल्या असल्यानं जर्मनीतून आलेल्यांचा प्रांत किंवा शहर लिहायची सूचना होती. १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीमुळे; तिच्या मागे वेळ घालवू नका.

नागरिकत्वाचे कागद सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जन्मगाव आणि जहाज दोन्ही मिळतात. त्याआधीचे कुठल्याही न्यायालयात झालेले असू शकतात आणि त्यात "प्रशियाच्या राजाशी निष्ठा सोडली" याहून फार काही नसतं. बायकांचे वेगळे कागद १९२२ पूर्वी सहसा नसतात. नवऱ्याबरोबर त्यांचंही नागरिकत्व ठरायचं.

आणि हे सगळं करूनही गाव मिळालं नाही तर शेजाऱ्यांकडे वळा. मी तर म्हणेन, मिळालं तरी वळा. ही माणसं एकेकटी आली नाहीत. एका गावातली चार घरं आली, मागून आणखी दहा आली, आणि विस्कॉन्सिनच्या एकाच टाउनशिपमध्ये शेजारी शेजारी बसली. मिलवॉकीजवळचं फ्राइश्टाट हे गाव १८३९ मध्ये पोमेरेनियातून आलेल्या 'ओल्ड लुथरन' पंथाच्या मंडळींनी असंच वसवलं. तुमच्या माणसाच्या मुलांचे बाप्तिस्म्याचे साक्षीदार कोण, लग्नातले साक्षीदार कोण, दफनभूमीत शेजारी कोण, याची यादी करा. त्यांच्यापैकी एकाच्या दगडावर जन्मगाव कोरलेलं असलं तर तुमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर असू शकतं.

७. जहाजाची यादी

याच्यात फार गुंतू नका. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या टिकून आहेत (पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडून) आणि त्यात शेवटचं राहण्याचं गाव असतं, ते सोन्यासारखं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या नष्ट झाल्या, उरल्या त्या १९२० ते १९३९ च्या. अमेरिकेत पोचल्यावरच्या यादीत जुन्या काळी नुसता देश असतो. आडनावानं सापडत नसेल तर नवरा, बायको आणि मुलांची पहिली नावं आणि वयं एकत्र जुळवून शोधा.

८. गाव नक्की करा

आता हातात एक नाव आहे, बहुधा चुकीच्या स्पेलिंगचं. अमेरिकन कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, आणि सांगणारा गावठी जर्मन बोलणारा होता. ब-प, द-त, ग-क यांची अदलाबदल करून बघा. मायरचा १९१२ चा भौगोलिक कोश ऑनलाइन शोधता येतो. त्यात जर्मन साम्राज्यातली खेडीपाडी आहेत आणि प्रत्येकाचं नोंदणी कार्यालय कुठं होतं ते दिलंय. नॉयहोफ, नॉयकिर्शन अशी नावं डझनांनी सापडतात, तेव्हा प्रांत, पंथ आणि फोटोवाल्याचं गाव यांच्याशी जुळेल तेच घ्या. घाईनं पहिलं सापडलेलं नॉयहोफ धरलं तर दुसऱ्याच कुणाचे पूर्वज आपले म्हणून मिरवाल.

गाव आज पोलंडमध्ये असेल तर नावही बदललंय. श्टेटिनचं श्चेचिन झालं, कोलबर्गचं कोवोबझेग, ग्राइफेनबर्गचं ग्रिफित्से. ओडर आणि नायसे नद्यांच्या पूर्वेकडच्या गावांची जुनी-नवी नावं कार्टेनमाइस्टर या संकेतस्थळावर मिळतात.

९. तिकडच्या नोंदी

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ ला आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली. ऱ्हाइनच्या पश्चिमेला फ्रेंच अमलामुळे त्याच्या कितीतरी आधी. जन्माच्या नोंदी ११० वर्षांनी, लग्नाच्या ८० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किओन (पैसे भरून), कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला (फुकट), आणि दोन्हींसाठी फॅमिलीसर्च (फुकट, फक्त खातं उघडायचं). स्थानिक घराण्यांची संकलित पुस्तकं काँपगेन या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. तुमच्या गावाचं निघालं तर महिन्यांचं काम एका संध्याकाळी होतं.

पोमेरेनियावाल्यांनी मनाची तयारी ठेवावी. १९४५ मध्ये तिथल्या पुष्कळ चर्चच्या वह्या नाहीशा झाल्या. जे उरलं ते ग्राइफ्सवाल्ड आणि श्चेचिन इथं विखुरलेलं आहे. पोलिश सरकारी दफ्तरखान्यांनी नोंदणी कार्यालयांच्या बऱ्याच वह्या फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत आणि पॉमर्शर ग्राइफ ही हौशी अभ्यासकांची संस्था कुठलं काय शिल्लक आहे याच्या याद्या करते.

शेवटी पत्र किंवा ईमेल. जर्मनमध्ये लिहा, साध्या आठ-दहा ओळी. एका पत्रात एकच माणूस आणि एकच घटना: नाव, गाव, पंथ, अंदाजे वर्ष. "आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा" असं लिहिलेल्या पत्राचं उत्तर कुणी देत नाही. शुल्क किती ते आधी विचारा. टंकलिखित उतारा मागू नका, मूळ पानाची पूर्ण प्रत मागा, कारण समासात कधी कधी नंतरच्या लग्नाची किंवा मृत्यूची टीप असते आणि उताऱ्यात ती गळते. प्रत आली की बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं, त्यांची गावं आणि धंदे उतरवून घ्या. ते बहुधा काका, मामा, आत्या असतात, आणि त्याआधीची पिढी त्यांच्याच नावांमधून सापडते.